लॅपटॉपचा ताप कोणाच्या माथी?

वैशाखातील दुपार. नागपूर, अकोला वा चंद्रपूर येथील एखाद्या सदनिकेत कूलर घरघरत आहे. घरूनच कार्यालयीन काम करणाऱ्या तरुणाची ऑनलाइन बैठक ऐन महत्त्वाच्या मुद्द्यावर आलेली असताना पडद्यावरील चेहरे थबकतात, आवाज तुटू लागतो, लॅपटॉपचा पंखा शिट्टी घातल्यासारखा फिरू लागतो आणि कळफलकाच्या वरच्या पट्टीवर बोट टेकवणेही नकोसे होते. इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीच्या नावाने बोटे मोडली जातात. प्रत्यक्षात अनेकदा दोष असतो तो यंत्राच्या अंगात भिनलेल्या तापाचा. दुरुस्तीसाठी गेलेल्या ग्राहकाला विचारला जाणारा पहिला प्रश्नही ठरलेलाच असतो- ‘लॅपटॉप गादीवर ठेवून वापरता का?’

हा प्रश्न चुकीचा नाही. परंतु तो अपुरा आहे. लॅपटॉप तापतो तो केवळ वापरणाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे, असे गृहीत धरले की उत्पादकाची जबाबदारी आपोआप नजरेआड होते. वास्तविक, ‘अ‍ॅपल’ आपल्या लॅपटॉपसाठी सभोवतालचे तापमान १० ते ३५ अंश सेल्सिअस असावे, असे स्पष्टपणे सांगते. अन्य नामांकित उत्पादकांच्या तांत्रिक तपशिलांतही कमाल मर्यादा बहुधा ३५ अंशांच्या आसपासच आढळते. विदर्भात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर असणे ही नित्याची बाब आहे आणि काही दिवस तो ४५ अंशांपलीकडेही जातो. वरच्या मजल्यावरील, दिवसभर स्लॅब तापलेल्या आणि वातानुकूलन नसलेल्या खोलीत दुपारी ३५ अंशांची मर्यादा कधीच ओलांडली जाते. म्हणजेच, येथील असंख्य ग्राहक वर्षातील काही आठवडे आपला लॅपटॉप उत्पादकाने आखून दिलेल्या मर्यादेबाहेर वापरत असतात आणि खरेदीच्या वेळी त्यांना त्याची कल्पना कोणीही दिलेली नसते.

हा प्रश्न आता मूठभर संगणकतज्ज्ञांपुरता राहिलेला नाही. मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर घर हेच अनेकांचे कार्यालय आणि वर्गखोली बनले. पूर्वी वातानुकूलित कचेरीत चालणारी यंत्रे घराच्या खाटेवर, ओट्यावर आणि गॅलरीत आली. दुसरीकडे हवामानही बदलते आहे. भारतीय हवामान विभागाच्या नोंदींनुसार २०२४ हे १९०१ पासूनचे देशातील सर्वांत उष्ण वर्ष ठरले. त्या वर्षीचे सरासरी तापमान १९९१ ते २०२० या काळातील सरासरीपेक्षा ०.६५ अंशाने अधिक होते. उष्ण खोल्यांत अधिकाधिक नाजूक यंत्रे, असा हा दुहेरी पेच आहे.

उष्णता जाते कोठे?

लॅपटॉपमध्ये वापरली जाणारी जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेत रूपांतरित होते. त्यातील मोठा वाटा प्रोसेसरचा आणि असल्यास स्वतंत्र ग्राफिक्स चिपचा असतो. नखाएवढ्या चिपवर निर्माण होणारी ही उष्णता बाहेर काढण्यासाठी तांब्याच्या चपट्या नळीचा उपयोग केला जातो. हवाबंद केलेल्या या नळीत कमी दाबाखाली थोडेसे द्रव, बहुधा पाणीच, असते. चिपजवळच्या टोकाला त्याची वाफ होते, ती दुसऱ्या टोकाला जाऊन थंड होते आणि नळीच्या आतील सच्छिद्र अस्तरातून पाणी पुन्हा मूळ जागी परतते. दुसऱ्या टोकाला धातूच्या पातळ पात्यांची जाळी असते आणि छोटा पंखा त्या जाळीतून हवा बाहेर फेकतो. चिप आणि तांबे यांच्यामध्ये दुरुस्तीच्या दुकानात ‘थर्मल पेस्ट’ या नावाने ओळखला जाणारा लेप असतो. या साखळीतील एकही दुवा कच्चा पडला, म्हणजे जाळीत धूळ साचली, लेप वाळला किंवा हवेची वाट बंद झाली, की उष्णता आतच कोंडते.

येथे खोलीच्या तापमानाचे महत्त्व लक्षात येते. उष्णता किती वेगाने बाहेर जाईल, हे साधारणपणे चिप आणि सभोवतालची हवा यांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. अनेक प्रोसेसरना सुमारे १०० अंश ही कमाल मर्यादा घालून दिलेली असते. समजा, चिप ९५ अंशांवर आहे. खोलीचे तापमान २५ अंश असेल, तर फरक ७० अंशांचा होतो. खोली ४२ अंशांवर गेली, की तो ५३ अंशांवर येतो. याचा अर्थ तोच पंखा आणि तीच जाळी जवळजवळ पाव हिश्श्याने कमी उष्णता बाहेर टाकू शकते. जो प्रोसेसर थंड खोलीत सतत २८ वॉट वीज घेऊन काम करू शकतो, त्याला येथे २१ वॉटवर भागवावे लागते. यंत्रात बिघाड काहीच नसतो; केवळ ऋतू बदललेला असतो.

मर्यादा जवळ येताच प्रोसेसर स्वतःला वाचविण्यासाठी आपला वेग कमी करतो. ऑनलाइन बैठक अडखळते ती याच क्षणी. त्याउपरही तापमान वाढत राहिले, तर यंत्र बंद पडते. ही सुरक्षायोजना असल्यामुळे चिप सहसा जळत नाही. मात्र ज्या वेगासाठी ग्राहकाने पैसे मोजले, तो वेग त्याला गरजेच्या वेळी मिळत नाही.

पातळपणाची किंमत

वीस-बावीस वर्षांपूर्वीचे लॅपटॉप जाडजूड होते आणि तेही तापत असत. त्या काळी टेबलावरच्या संगणकासाठी बनविलेला ‘पेंटियम ४’ प्रोसेसर काही लॅपटॉपमध्ये तसाच बसविला जाई. मार्च २००३ मध्ये ‘इंटेल’ने लॅपटॉपसाठी मुद्दाम घडविलेला ‘पेंटियम एम’ बाजारात आणला आणि उष्णतेचे मान २४.५ वॉटपर्यंत उतरले. मे २००४ मध्ये याच कंपनीने ‘तेजस’ हा भावी प्रोसेसर रद्द केला. वेग वाढवीत नेण्याच्या मार्गात उष्णतेची भिंत उभी राहिल्याची ती जाहीर कबुलीच होती. त्यानंतर एकच चिप अधिक वेगवान करण्याऐवजी एका चिपमध्ये अनेक गाभे बसविण्याचा मार्ग उद्योगाने स्वीकारला.

पुढे स्पर्धेचे परिमाण बदलले. जानेवारी २००८ मध्ये कागदी पाकिटातून बाहेर काढून दाखविलेल्या ‘मॅकबुक एअर’ने पातळपणा हेच आकर्षण बनविले, तर २०११ पासून ‘इंटेल’ने ‘अल्ट्राबुक’ या नावाखाली इतर कंपन्यांनाही त्याच वाटेवर आणले. यंत्र जितके पातळ, तितकी जाळी लहान, पंखा छोटा आणि हवेला जागा कमी. भौतिकशास्त्राचा हा हिशेब जाहिरातीत चुकविता येत असला, तरी प्रत्यक्षात चुकविता येत नाही.

खोक्यावरील आकड्यांचा अर्थही या ठिकाणी समजून घ्यायला हवा. ‘इंटेल’च्या बाराव्या पिढीतील ‘कोअर आय ७-१२६० पी’ या प्रोसेसरची मूळ ऊर्जामर्यादा २८ वॉट आहे. परंतु जोर लावण्याच्या काळात तो ६४ वॉटपर्यंत जाऊ शकतो. जाहिरातीत झळकणारा सर्वोच्च वेग हा या अल्पकाळच्या जोराचा असतो. तो किती वेळ टिकेल, हे प्रोसेसर नव्हे, तर लॅपटॉपची शीतकरण व्यवस्था ठरविते. त्यामुळे एकच प्रोसेसर असलेल्या दोन कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये प्रत्यक्ष कामाचा फरक लक्षणीय असू शकतो आणि दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाला तो कळण्याचा कोणताही मार्ग नसतो. जुलै २०१८ मध्ये ‘अ‍ॅपल’च्या महागड्या ‘मॅकबुक प्रो’चा वेग दीर्घ कामात मोठ्या प्रमाणात घसरत असल्याच्या तक्रारी जगभर गाजल्या. उष्णता नियंत्रित करणाऱ्या आज्ञावलीत त्रुटी राहिल्याचे कंपनीने मान्य केले आणि काही दिवसांतच दुरुस्ती उपलब्ध करून दिली. स्वतंत्र चाचण्या झाल्या नसत्या, तर ही त्रुटी कदाचित ‘वापरणाऱ्याची चूक’ म्हणूनच खपून गेली असती.

अर्थात, चित्र एकांगी नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘अ‍ॅपल’ने स्वतःची ‘एम १’ चिप आणली आणि तिच्यावर चालणारा ‘मॅकबुक एअर’ पंख्याविना विकण्यास काढला. कमी विजेत अधिक काम करणारी चिप बनविली, तर उष्णतेचा प्रश्न मुळाशीच सौम्य होतो, हे त्यातून सिद्ध झाले. तरीही दीर्घ आणि अवजड कामात पंख्याविना चालणारे यंत्रही आपला वेग उतरवितेच. सोय वाढली, नियम मात्र तोच राहिला.

महागडे धडे

उष्णतेकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, याचे धडे या उद्योगाने पूर्वीच घेतले आहेत. ऑगस्ट २००६ मध्ये ‘डेल’ने ‘सोनी’ने बनविलेल्या सुमारे ४१ लाख लॅपटॉप बॅटऱ्या परत मागविल्या, त्याच महिन्यात ‘अ‍ॅपल’ने आणखी १८ लाख बॅटऱ्यांबाबत तोच निर्णय घेतला. बॅटरीच्या आत राहिलेल्या धातूच्या सूक्ष्म कणांमुळे अंतर्गत शॉर्टसर्किट होऊन ती पेटण्याचा धोका होता. जुलै २००८ मध्ये ‘एनव्हिडिया’ने लॅपटॉपमधील आपल्या काही ग्राफिक्स चिपच्या दोषांपोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. चिप वारंवार तापून थंड होत गेल्याने तिच्या जोडणीतील सदोष सामग्री निकामी होत होती.

जून २०१९ मध्ये ‘अ‍ॅपल’ने प्रामुख्याने सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१७ या काळात विकलेल्या १५ इंची ‘मॅकबुक प्रो’च्या काही बॅटऱ्या अतितापाच्या धोक्यामुळे बदलून देण्याची घोषणा केली. एकट्या अमेरिकेत अशा सुमारे ४ लाख ३२ हजार संगणकांचा समावेश होता. त्या वेळी भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानेही, बॅटरी सुरक्षित असल्याची खात्री होईपर्यंत वा ती बदलून मिळेपर्यंत, हे लॅपटॉप विमानात नेऊ नयेत, अशी सूचना प्रवाशांना केली. या तिन्ही प्रकरणांत दोष ग्राहकाच्या गादीचा नव्हता, तो कारखान्यातील होता.

झीज दिसत नाही, पण होते

अशा घटना विरळाच. सर्वसामान्य ग्राहकाचे खरे नुकसान होते ते संथपणे आणि त्याचे केंद्र असते बॅटरी. बॅटरींविषयी माहिती देणाऱ्या कॅनडातील ‘बॅटरी युनिव्हर्सिटी’ या उपक्रमाचे यासंबंधीचे अंदाज बोलके आहेत. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरून २५ अंशांत वर्षभर ठेवली, तर तिची क्षमता सुमारे ८० टक्के उरते. ४० अंशांत ती ६५ टक्क्यांवर येते. तीच बॅटरी ४० टक्केच भरून ठेवली, तर २५ अंशांत ९६ टक्के आणि ४० अंशांत ८५ टक्के क्षमता शिल्लक राहते. म्हणजे उष्णता आणि पूर्ण चार्ज या दोहोंचा संयोग बॅटरीला सर्वाधिक मारक ठरतो. दिवसभर चार्जरला जोडून तापलेल्या खोलीत चालणारा लॅपटॉप नेमक्या याच स्थितीत असतो.

झिजलेली बॅटरी कधीकधी फुगते. कळफलक वर उचलल्यासारखा दिसणे, खालचे झाकण नीट न बसणे, टचपॅड दाबले न जाणे ही तिची लक्षणे होत. अशा वेळी यंत्र बंद करून चार्जर काढावा, बॅटरीला टोचू वा दाबू नये आणि ती जाणकाराकडूनच बदलून घ्यावी. फुगलेली बॅटरी ‘अजून चालते आहे’ म्हणून वापरत राहणे हा नसता धोका आहे.

शरीरावरील परिणामही दुर्लक्षिण्याजोगा नाही. मांडीवर दीर्घकाळ तापलेला लॅपटॉप ठेवल्याने कातडीवर जाळीदार काळपट डाग पडल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. ‘पेडिअ‍ॅट्रिक्स’मध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेले असे एक उदाहरण अवघ्या १२ वर्षांच्या मुलाचे होते. भाजल्यासारखे वाटण्याइतकी उष्णता नसतानाही हे घडते. ‘लॅप’वर ठेवायचा तो ‘लॅपटॉप’, हे नावच त्यामुळे आता फसवे ठरू लागले आहे.

घरच्या घरी काय करता येईल?

उत्पादकांकडे बोट दाखविले, तरी उरलेली बोटे आपल्याकडे वळतातच. काही साधे उपाय ग्राहकाच्या हाती आहेत आणि त्यांना फारसा खर्चही येत नाही.

पहिला उपाय हवेच्या वाटेचा. बहुतेक लॅपटॉप थंड हवा तळातून घेतात आणि मागून वा बाजूने बाहेर टाकतात. गादी, उशी, सोफा किंवा चादर यांवर ठेवल्यास तळाची छिद्रे बुजतात. टणक, सपाट पृष्ठभाग वापरणे आणि मागची बाजू एखाद्या इंचाने उचलणे एवढ्यानेही फरक पडतो. त्यासाठी बाजारातील महागडा स्टँडच हवा असे नाही. दोन्ही कोपऱ्यांखाली एकेक छोटा लाकडी ठोकळाही पुरतो, मात्र त्याने छिद्रे झाकली जाता कामा नयेत. पंखे बसविलेले ‘कूलिंग पॅड’ काही अंशांचा दिलासा देतात; परंतु त्याचे पंखे आणि लॅपटॉपची छिद्रे समोरासमोर आली नाहीत, तर उपयोग नगण्य ठरतो.

दुसरा उपाय स्वच्छतेचा. आपल्याकडील बांधकामांची व रस्त्यांची धूळ, घरातील कापडाचे तंतू आणि पाळीव प्राण्यांचे केस पंखा आणि जाळी यांच्यामध्ये साचून नमद्यासारखा थर तयार होतो. वर्षातून एकदा, शक्यतो उन्हाळ्यापूर्वी फेब्रुवारी-मार्चमध्ये, साफसफाई करून घ्यावी. घरी फुंकणीने हवा मारायची झाल्यास लॅपटॉप पूर्ण बंद करावा आणि पंख्याची पाती हलकेच धरून ठेवावीत. वाऱ्याच्या झोताने ती बेफाम फिरल्यास पंखा खराब होऊ शकतो. काही वर्षांच्या वापरानंतर थर्मल पेस्ट बदलून घेणेही हिताचे असते. मात्र, यंत्र वॉरंटीत असल्यास झाकण उघडण्यापूर्वी कंपनीच्या अटी वाचाव्यात.

तिसरा उपाय कामाच्या भाराचा. ब्राउझरमध्ये उघडून विसरलेली डझनावारी पाने, आपोआप सुरू होणारे प्रोग्राम आणि पार्श्वभूमीवर चाललेली अद्ययावतीकरणे प्रोसेसरला स्वस्थ बसू देत नाहीत. कोणता प्रोग्राम किती भार टाकतो, हे ‘टास्क मॅनेजर’मध्ये पाहता येते. ‘विंडोज’च्या ऊर्जाविषयक रचनेत प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली, तर बहुतेक यंत्रांत अल्पकाळचा जास्तीचा जोर बंद होतो. लेखन, पत्रव्यवहार, बैठका अशा रोजच्या कामात त्याची उणीव क्वचितच भासते आणि तापमान मात्र ठळकपणे उतरते. दुपारच्या वेळी हा उपाय विशेष उपयोगी आहे. चित्रफीत संपादनासारखी अवजड कामे पहाटे वा रात्री करणे हाही जुना, परंतु खात्रीचा मार्ग आहे.

चौथा उपाय बॅटरीचा. आता अनेक कंपन्या बॅटरी ८० टक्क्यांवर थांबविण्याची सोय देतात. लॅपटॉप बहुतांश वेळ चार्जरला जोडून वापरणाऱ्यांनी ती जरूर सुरू करावी. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत लॅपटॉप ठेवू नये. केवळ झाकण मिटून तो पिशवीत कोंबू नये. झोपेच्या अवस्थेतील आधुनिक लॅपटॉप मध्येच जागा होऊन बंद पिशवीत तापत राहू शकतो. प्रवासापूर्वी तो पूर्ण बंद करणेच इष्ट.

काही ‘उपाय’ मात्र टाळलेलेच बरे. तापलेला लॅपटॉप फ्रिजमध्ये ठेवणे किंवा त्याखाली बर्फाची पिशवी ठेवणे म्हणजे आत दव साचण्यास निमंत्रण. विदर्भ-मराठवाड्यात घरोघरी असलेल्या कूलरमुळे खोलीचे तापमान उतरते, हे खरे. पण त्याच्या ओलसर झोताच्या थेट समोर यंत्र ठेवू नये. मुंबई-कोकणात पारा तुलनेने कमी असला, तरी हवेतील दमटपणा आणि क्षार धातूच्या जोडांना गंज चढवितात. तेथे पावसाळ्यानंतरची साफसफाईही तेवढीच महत्त्वाची ठरते.

एसीला न्याय, लॅपटॉपला का नाही?

हे सर्व करूनही मूळ प्रश्न शिल्लक राहतो. ४२ अंशांच्या खोलीत ग्राहकाने कितीही काळजी घेतली, तरी ३५ अंशांसाठी आखलेले यंत्र ३५ अंशांचेच राहणार. उत्पादनाने देशाच्या हवामानाशी जुळवून घ्यायचे, की देशातील ग्राहकाने उत्पादनाशी, हा यातील कळीचा मुद्दा आहे.

अन्य वस्तूंबाबत याचे उत्तर आपण आधीच दिलेले आहे. वातानुकूलन यंत्रांची तारांकित श्रेणी ठरविताना ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने भारतीय हवामानाचा स्वतंत्र विचार केला. बाहेरचे तापमान २४ ते ४३ अंशांदरम्यान असताना आणि वर्षातून १,६०० तास वापर गृहीत धरून काढलेला निर्देशांक जानेवारी २०१८ पासून बंधनकारक झाला. फ्रिजच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीतही ४३ अंशांपर्यंत चालणारा उष्ण कटिबंधीय वर्ग वेगळा दाखविला जातो. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र असे काही नाही. २०१२ च्या आदेशान्वये भारतीय मानक ब्युरोकडील नोंदणी लॅपटॉपला सक्तीची झाली. परंतु तिचा भर विजेचा धक्का, आग यांपासूनच्या सुरक्षिततेवर आहे. भर उन्हाळ्यात यंत्र किती वेगाने काम करील, हे ती सांगत नाही.

दुरुस्तीचा मुद्दाही याच्याशी निगडित आहे. पंखा साफ करणे किंवा बॅटरी बदलणे हे सायकलचे पंक्चर काढण्याइतके सोपे असायला हवे. पातळपणाच्या हव्यासापायी बॅटरी गोंदाने चिकटविलेली, झाकण विशिष्ट स्क्रूंनी बंद केलेले आणि सुटे भाग केवळ अधिकृत केंद्रातच उपलब्ध, अशी स्थिती अनेक मॉडेलमध्ये दिसते. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे १० पैकी गुण छापणे बंधनकारक केले. भारतातही केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र संकेतस्थळ सुरू केले. शेती अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही क्षेत्रे त्यासाठी प्रारंभी निवडली गेली. लॅपटॉपचा त्यात वेगळा उल्लेख नव्हता. मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी दुरुस्तीयोग्यता निर्देशांक कसा असावा, याविषयीचा दुसऱ्या एका समितीचा अहवाल मे २०२५ मध्ये सरकारला सादर झाला. दिशा योग्य आहे. प्रश्न आहे तो लॅपटॉपला त्यात स्पष्ट स्थान मिळण्याचा.

जुलै २०२० पासून लागू असलेल्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष वस्तूविरुद्ध तक्रारीचा मार्ग दिला आहेच. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांकही उपलब्ध आहे. तथापि, मर्यादा ३५ अंशांची असल्याचे कोठेतरी तांत्रिक तपशिलात छापलेले असेल, तर ४२ अंशांत यंत्र मंदावल्याची तक्रार टिकविणे ग्राहकाला कठीण जाते. म्हणूनच ही माहिती पुस्तिकेच्या आतल्या पानावर नव्हे, तर खोक्यावर, किमतीच्या शेजारी, मोठ्या अक्षरांत असायला हवी.

तीन अपेक्षा

यातून तीन माफक अपेक्षा पुढे येतात. कमाल सभोवतालचे तापमान खोक्यावर ठळकपणे छापावे. २५ आणि ४० अशा दोन तापमानांत, अर्धा तास सलग कामानंतर टिकणारा वेग जाहीर करावा. अल्पकाळच्या जोराचे आकडे हवे असल्यास त्यानंतर द्यावेत. आणि पंख्याची सफाई व बॅटरीची बदली ग्राहकाला किंवा गल्लीतील कुशल कारागिराला विशेष अवजारांविना करता यावी. यांपैकी एकाही गोष्टीसाठी नव्या शोधाची गरज नाही. जाड तळ, मोठी जाळी आणि सुटणारे झाकण यांमुळे लॅपटॉप दोन-चार मिलिमीटरने जाड आणि थोडा जड होईल, एवढेच. ४२ अंशांच्या खोलीत काम करणाऱ्याला ती किंमत जड वाटण्याचे कारण नाही.

तोपर्यंत लॅपटॉप विकत घेणाऱ्याने दुकानदाराला प्रोसेसर, मेमरी आणि पडद्याबरोबरच आणखी एक प्रश्न विचारावा- ‘हा किती अंशांपर्यंत चालतो?’ बहुतेक ठिकाणी उत्तर मिळणार नाही. पण प्रश्न पुरेशा ग्राहकांनी पुरेशा वेळा विचारला, तर उत्तर छापावेच लागेल. गाडीचे ‘अ‍ॅव्हरेज’ आणि एसीचे तारे विचारण्याची सवय आपल्याला अशीच लागली. लॅपटॉपच्या तापाचा भार एकट्या ग्राहकाच्या मांडीवर राहू नये, यासाठी आता त्याच सवयीची गरज आहे.